रेगेन्सबुर्गचा दगडी पूल वाहत्या डॅन्यूबमध्ये कसा उभा केला आणि टिकला कसा?

प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग गावातला दगडी पूल बाराव्या शतकातला. तेव्हा पंप नव्हते, सिमेंट नव्हतं, पोलाद नव्हतं. मग डॅन्यूबसारख्या नदीच्या पात्रात पाया घातला कसा? खांब एवढे जाडजूड का? आणि पावणेनऊशे वर्षं तो पूल जागेवर राहिला कसा?

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकाच गोष्टीत आहे. या पुलाचा पाया खोल नाही. त्या काळी तो खोल घालताच येत नव्हता. पुलाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या उथळ पायाला पिढ्यानपिढ्या दिलेली राखण आहे. कमानी देखण्या आहेत, पण पुलाचं मरण-जगणं ठरलं ते पाण्याखाली.

आधी काळ आणि मापं. काम ११३५ साली सुरू झालं आणि ११४६ साली पुरं झालं. बव्हेरियाचा ड्यूक हाइनरिख (‘गर्विष्ठ’ हे त्याचं इतिहासातलं बिरुद) आणि गावातले व्यापारी यांनी ते उचललं. रेगेन्सबुर्ग तेव्हा मोठी पेठ होती आणि नदी ओलांडायला शार्लमेनच्या काळापासून लाकडी पूल होता, आताच्या पुलापासून सुमारे १०० मीटर खालच्या अंगाला. पूर आला की त्याचा भरवसा नसे आणि वाढत्या रहदारीला तो पुरतही नव्हता. ११३५चा उन्हाळा विलक्षण कोरडा गेला, नदी आटली आणि पात्रात उतरून काम करायची संधी मिळाली. मूळ कमानी १६. आज १५ दिसतात, कारण गावाकडची पहिली कमान १६१६ ते १६२० मध्ये बांधलेल्या मिठाच्या कोठाराच्या कामात रस्त्याखाली झाकली गेली. ती अजून तिथेच आहे. झाकलेला भाग धरून पूल सुमारे ३३६ मीटर लांब. गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, सारखे नाहीत: सर्वांत अरुंद साधारण साडेदहा मीटरचा, सर्वांत रुंद पावणेसतरा मीटरच्या आसपास. खांबांची जाडी सुमारे ६ ते साडेसात मीटर. म्हणजे जेवढा गाळा, त्याच्या निम्म्याच्या आसपास खांब. हे प्रमाण लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता पाया. त्या काळची पद्धत अशी होती. पाणी सर्वांत कमी असताना खांबाच्या जागेभोवती ओकच्या फळ्या आणि खुंट ठोकून बांध घालायचा, फटी चिकणमातीने बुजवायच्या आणि आतलं पाणी उपसायचं. उपसा बादल्यांनी नाहीतर माणसांनी फिरवायच्या चाकांनी, रात्रंदिवस. खरी मर्यादा इथे येते. तळ रेती-गोट्यांचा असेल तर पाणी बाजूने जेवढं येतं तेवढंच खालूनही येतं. जितकं खोल जावं तितका झरा वाढतो आणि एका खोलीनंतर उपसा हरतो. म्हणून खड्डा जेमतेम कोरडा राहील तिथवरच खणायचा, तळ सारखा करायचा, त्यावर ओकचे वासे आडवे अंथरायचे आणि त्या बैठकीवर दगडी काम चढवायचं. रेगेन्सबुर्गचे खांब अशाच ओकच्या बैठकीवर उभे आहेत.

लाकडावर दगड, ते कुजत नाही का? कायम पाण्याखाली असलेलं ओक शेकडो वर्षं टिकतं, कारण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते आणि तिथे ती पोचत नाही. धोका असतो तो लाकूड कधी उघडं, कधी बुडलेलं राहिलं तर. त्यामुळे अशा पुलाखालची पाणीपातळी कायमची खाली नेणारं कोणतंही काम, मग तो खालच्या अंगाचा उपसा असो की पात्राचं खोलीकरण, पायाच्या मुळावर येऊ शकतं.

लाकूड टिकलं तरी त्याखालची रेती टिकायला हवी. वाहतं पाणी खांबाच्या नाकावर आपटतं, त्यातलं काही तळाकडे वळतं आणि पायाशी भोवरा होऊन रेती उकरतं. पुरात हा खड्डा खोल होतो, पूर ओसरताना त्यात गाळ भरतो. वरून पाहणाऱ्याला तळ जसाच्या तसा दिसतो, पण भरलेल्या सैल गाळात पहिल्या रेतीचा दाबच नसतो. दगडी पुलांच्या बाबतीत सर्वांत घातक फसगत ती हीच. खड्डा बैठकीच्या खाली गेला की खांब एका अंगाला कलतो आणि कमानीचे सांधे उघडतात.

यावर रेगेन्सबुर्गने काढलेला उपाय आजही डोळ्यांसमोर आहे. प्रत्येक खांबाभोवती पाण्यात एक बेट बांधलं. होडीसारखं लांबुळकं, दोन्ही टोकांना निमुळतं, भोवती खुंटांची रांग आणि आत दगडांचा भराव. स्थानिक शब्द ‘बेश्लेख्ट’. पायाची रेती या भरावाच्या आड राहते आणि पाणी, बर्फाचे तुकडे, वाहून आलेले ओंडके यांचा पहिला मार बेट खातं. लाकूड तुटलं, दगड सुटले, तर बेट दुरुस्त करता येतं. खांबाच्या बुंध्याला हात लागत नाही.

पण याची किंमत होती. बेटं एवढी पसरली की नदीची मोकळी रुंदी एक तृतीयांशाच्या आसपास उरली. आलेलं पाणी तर सगळं जायलाच हवं. वाट तिसऱ्या हिश्श्यावर आली आणि खोली तीच राहिली, तर वेग तिप्पट होतो. तळ उकरायचा जोर साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे नऊपट. प्रत्यक्षात पुलाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून पातळी चढते, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही, पण दिशा हीच. काठावर थोडा वेळ उभं राहिलं तरी हे कळतं: वरच्या बाजूला पाणी ताटासारखं सपाट, गाळ्याच्या तोंडाशी ते काचेसारखं गुळगुळीत होऊन जिभेसारखं खाली घसरतं आणि बेटाच्या शेपटीमागे उकळी फुटल्यागत वर येतं. या भोवऱ्यांना तिथे ‘श्ट्रुडेल’ म्हणतात. बेटांच्या आधारे तिथे या पाण्यावर गिरण्याही चालत. तीस वर्षांच्या युद्धात, १६३३ साली, त्या जळाल्या. प्रवाहाविरुद्ध नाव काढणं मात्र नेहमीच जिवावरचं काम होतं. आज मोठी जहाजं उत्तरेकडच्या कालव्याने पुलाला वळसा घालून जातात.

थोडक्यात, बेटाने पाया वाचवला आणि बेटानेच पाण्याचा जोर वाढवला. वाढलेला जोर बेटालाच झिजवतो, म्हणून बेट सतत दुरुस्त करत राहावं लागतं. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. मध्येच थांबवू पाहणाऱ्यांचं काय झालं, त्याचं उदाहरण लंडनचं आहे. तिथला जुना पूल (११७६ ते १२०९) याच जातीचा होता: जाड खांब, त्यांभोवती बेटं, मधून धबधब्यासारखं पाणी. १७५९च्या सुमारास नावांच्या सोयीसाठी मधला एक खांब काढून दोन गाळ्यांचा एक मोठा गाळा केला. सगळ्या पाण्याची ओढ त्या एका वाटेकडे लागली, शेजारच्या खांबांचा तळ झपाट्याने उकरला जाऊ लागला आणि अभियंता स्मीटन याच्या सल्ल्याने शहराच्या पाडलेल्या वेशींचे दगड घाईघाईने पात्रात टाकावे लागले. पात्र रुंद केल्याने पुलाचा भार हलका होईल हा अंदाज सरळसरळ चुकला, कारण पाणी सगळीकडे सारखं वाटलं जात नाही. जिथे अडथळा कमी, तिथे ते धावतं. फ्रान्समधला आव्हिन्यॉंचा पूल तर रोन नदीच्या पुरांनी पुनःपुन्हा मोडला. सतराव्या शतकात डागडुजीचा नाद सोडला गेला आणि २२ कमानींपैकी ४ उरल्या.

आता जाड खांबांकडे. ‘त्या लोकांना हिशेब येत नव्हता म्हणून त्यांनी जास्तीचा दगड घातला’ असं सर्रास लिहिलं जातं. ते मला पटत नाही. साधा हिशेब करू. आकडे समजावण्यापुरते, पुलाच्या मापाच्या जवळपासचे. गाळा १५ मीटर, कमानीची उंची ५ मीटर, पुलाची रुंदी साडेसात मीटर, भरावासकट वजन दर मीटर लांबीला ३० टन. कमान खांबाला आडवी ढकलते तो जोर = वजन × गाळ्याचा वर्ग ÷ (८ × उंची) = ३० × २२५ ÷ ४० = सुमारे १७० टन. माथ्यावर कमान ८० सेंटिमीटर जाड धरली तर दगडावरचा दाब निघतो दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोहून कमी. बऱ्यापैकी वालुकाश्म काही शे किलो सोसतो. म्हणजे दगड चिरडला जायचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो या १७० टनांच्या आडव्या रेट्याचा.

दोन्ही बाजूंना कमानी असल्या की रेटे एकमेकांना तोलतात आणि खांबावर फक्त सरळ खाली जाणारा भार येतो. पण एक कमान पडली तर? खांब ६.५ मीटर जाड आणि ७ मीटर उंच धरला, तर त्याचं वजन होतं सुमारे ७८५ टन. कमान ४ मीटर उंचीवरून सुटते असं धरलं तर उलटवणारा जोर ६८० टन-मीटर, आणि खांबाचं स्वतःचं वजन अधिक उरलेल्या कमानीचा भार मिळून प्रतिकार होतो ४००० टन-मीटरच्या आसपास. जवळजवळ सहापट. हाच खांब गाळ्याच्या एक दशांश, म्हणजे दीड मीटर केला, तर प्रतिकार ४७५च्या आसपास येतो आणि खांब आडवा होतो. अठराव्या शतकात फ्रेंच अभियंता पेरोने याने जवळपास अशा प्रमाणाचे सडपातळ खांब केले आणि नदीला वाट मोकळी दिली. पण तिथे एक कमान गेली की पाठोपाठ सगळ्या जातात, आणि बांधतानाही सगळ्या गाळ्यांचं सेंटरिंग (कमान पुरी होईपर्यंत तिला खालून तोलणारा लाकडी सांगाडा) उभं असताना कमानी चढवून मग ते एकदम सोडवावं लागतं. जाड खांबाच्या पुलात प्रत्येक खांब जणू एकेक काठ असतो. एक गाळा पुरा करायचा, सेंटरिंग काढायचं, तेच लाकूड पुढच्या गाळ्याला लावायचं. दर उन्हाळ्यात जमेल तेवढं काम, पुरात थांबायचं. अकरा वर्षांत सोळा गाळे उतरले त्यामागे हे आहे.

जाडीचा खरा कस युद्धांनी लावला. १६३३ मध्ये स्वीडिश पक्षाची फौज गावावर येत असताना बचाव करणाऱ्यांनी एक गाळा सुरुंगाने उडवला. बाकीचा पूल उभा राहिला आणि ती फट दीडशे वर्षांच्या आसपास लाकडी झडप-पुलावर भागवली गेली. २३ एप्रिल १९४५ रोजी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पुन्हा सुरुंग लावले आणि दोन ठिकाणी खांबांसकट गाळे उडाले. तरीही पडझड तेवढ्यापुरतीच राहिली. तात्पुरत्या सोयीवर रहदारी चालली आणि उडालेला भाग १९६७ साली पुरा बांधून झाला. पेरोनेच्या प्रमाणाचा पूल असता तर पहिल्याच सुरुंगात सगळा गेला असता. हे मी ठामपणे म्हणतो, कारण वरचा हिशेब तेच सांगतो.

पुलावर एके काळी तीन बुरूज होते. उत्तरेकडचा १८०९च्या नेपोलियनच्या लढाईत जायबंदी झाला आणि पाडला गेला. मधला १७८४च्या बर्फाच्या पुराने इतका खिळखिळा केला की तोही काढावा लागला. गावाकडचा दक्षिण बुरूज तेवढा उरला आहे. बर्फाच्या पुराची कल्पना आपल्याकडे चटकन येत नाही, म्हणून सांगतो. थंडीत नदीवर जमलेला जाड पापुद्रा वितळताना एकदम फुटतो, त्याचे खोलीएवढे तुकडे गाळ्यांच्या तोंडाशी अडकतात, एकावर एक चढतात आणि बघता बघता पुलाचं धरण होतं. मागे पाणी चढतं, पुढे उरलेल्या एखाद्या गाळ्यातून सगळा प्रवाह उसळतो आणि तिथला तळ काही तासांत खरवडला जातो. आपल्याकडे हेच काम उन्मळून आलेली झाडं करतात.

बेटांची निगा राखायला दर साली ओकचे खुंट, दगड, चुना, नावा आणि माणसं लागणार. हा खर्च कुणाच्या मर्जीवर ठेवला नव्हता. पुलाचं स्वतःचं उत्पन्न होतं, स्वतःचा कारभारी होता, कागदपत्रांवर उमटवायला स्वतःचा शिक्का होता. ११८२ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने पुलाच्या नावाने सनद दिली. सात वर्षांनी तिसऱ्या धर्मयुद्धासाठी त्याची फौज जमली ती रेगेन्सबुर्गलाच. माझ्या मते हा पूल वाचण्यात चांगल्या दगडाइतकाच वाटा या स्वतंत्र तिजोरीचा आहे. गाव साम्राज्याचं मुक्त नगर, म्हणजे थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं, आणि पलीकडच्या काठावरचं श्टाटआमहोफ बव्हेरियाचं. पूल म्हणजे सरहद्द. तरी त्याच्या दुरुस्तीचा हिशेब चालत राहिला.

विसाव्या शतकात धोक्याची दिशा बदलली. आता मार वरून येऊ लागला. १९०३ पासून ट्राम धावली, ती १९४५ पर्यंत. मग मोटारी आणि बस. १९५१ ते १९६२ मध्ये पाया आणि बेटांभोवती पोलादी पत्रे ठोकून, काँक्रीट भरून खालची बाजू पक्की केली, म्हणजे नदीचा प्रश्न बराचसा मिटला. पण रस्त्याखाली पाणी अडवणारा धड थर नव्हता. पावसाचं पाणी भरावात मुरायचं, कमानीच्या सांध्यांतून खाली झिरपायचं आणि वाटेत चुना विरघळवून न्यायचं. त्यात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. मिठाचं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, सुकताना स्फटिक धरतं आणि दगडाचे पोपडे निघतात. आपल्या घरांच्या भिंतींना लोणा लागतो, तेच हे. भिजलेला दगड गोठला की आतलं पाणी बर्फ होताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि फट रुंदावतं. पुलातल्या हिरवट वालुकाश्माला ही दोन्ही दुखणी चटकन लागतात.

१९९७ साली खासगी मोटारी बंद केल्या. २००८ मध्ये बसही थांबवल्या, कारण बस घसरून धडकली तर कठडा तिला अडवू शकणार नाही असं तपासणीत निघालं. २०१० ते २०१८ मध्ये टप्प्याटप्प्याने मोठी दुरुस्ती झाली. तिचा गाभा म्हणजे वरची फरशी उचलून पाणी अडवणारा नवा थर घालणं आणि पाण्याला नीट वाट काढून देणं. खराब चिरे बदलले, कठडे नव्याने बसवले. आता पूल पायी जाणाऱ्यांचा आणि सायकलींचा आहे. २००६ पासून जुनं गाव आणि श्टाटआमहोफ जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

दंतकथेबद्दल दोन ओळी, कारण ती प्रत्येक पर्यटकाला ऐकवतात. पूल बांधणाऱ्याने आणि कॅथेड्रल बांधणाऱ्याने पैज लावली, पूलवाल्याने सैतानाशी करार करून पैज जिंकली आणि सैतानाला कबूल केलेले पहिले तीन जीव म्हणून कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा पुलावर सोडला. आज उभ्या असलेल्या कॅथेड्रलचं काम १२७३च्या सुमारास सुरू झालं, पूल संपल्यावर सव्वाशे वर्षांनी. पैजेला जागाच नाही.

आपल्याकडच्या जुन्या दगडी पुलांची जबाबदारी असलेल्यांसाठी यातून काय घ्यायचं, तेही सांगतो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन कमानींचा पूल पुरात वाहून गेला आणि माणसं गेली. अशा पुलांची पाहणी रस्त्यावरून करून भागत नाही. पूर ओसरल्यावर, गाळ घट्ट बसायच्या आत, प्रत्येक खांबाभोवती सळई खुपसून तळाचा अंदाज घ्यावा, वरच्या टोकाशी आणि दोन्ही कुशींना, दर मीटरवर. सळई एखाद्या ठिकाणी शेजारपेक्षा अर्धा मीटर जास्त सहज आत गेली तर तिथे खड्डा पडून भरला आहे असं समजावं. मापं दर वर्षी त्याच खुणांवर घ्यावीत, नाहीतर तुलना होत नाही. कमानीच्या पोटातल्या भेगा पाहताना दिशा बघावी. कठड्याला समांतर, कडेजवळची भेग बहुधा भरावात पाणी साचून बाजूची भिंत बाहेर सरकत असल्याची खूण असते, तिथे आधी पाण्याचा निचरा सुधारावा. गाळ्याला आडवी, एका खांबाकडे उघडत गेलेली भेग पाया बसत असल्याची असू शकते. अशी दिसली तर आधी रहदारी थांबवावी, चर्चा नंतर.

पोटातून पांढरे ओघळ आलेले दिसले तर चुना वाहून जातो आहे. तिथे सिमेंटने दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरू नयेत. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि कमी सच्छिद्र, त्यामुळे ओल सांध्यातून बाहेर पडण्याऐवजी दगडातून पडते आणि काही वर्षांत दर्जा तशाच उभ्या राहून मधला चिरा झिजलेला दिसतो. जुना सैल माल सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल खरवडून काढावा, सांधा पाण्याने धुवावा, ओला असतानाच चुना आणि चाळलेली वाळू १ ला अडीच-तीन या प्रमाणात दाबून भरावी आणि आठवडाभर ओलं गोणपाट टाकून ऊन लागू देऊ नये. सांध्यात पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर तो ओढून काढू नये, मुळाबरोबर चिरे हलतात. बुंधा कापून मूळ जागीच मारावं, ते सुकल्यावर पोकळीत पातळ चुना सोडावा. आणि हे सगळं वरची गळती थांबवल्यावरच करावं, नाहीतर नवा चुनाही पहिल्या दोन पावसाळ्यांत वाहून जातो.